समान संधीच्या कलमाची आणि तोफताईंच्या फोर्कलिफ्टारोहणाची हकीकत

बादल्या, टब, घमेली, मग आणि त्या सर्वांची झाकणे यांची जी थोर दौलत, जिची शिकस्त कोणा पितळेस वा जस्तास कधी करता आली नाही, त्या दौलतीचे गोदामी जे घनघोर युद्ध जाहले, त्याची हकीकत येणेप्रमाणे. वाचणारांनी चित्त ठिकाणी आणावे, मोबाइल उपडा घालावा आणि शक्य तर खुर्चीत बसून वाचावे; कारण की पूर्वीच्या थोर थोर लढाया गडांकरिता, मुलुखांकरिता आणि तख्तांकरिता जाहल्या, आणि ही लढाई निव्वळ बसावयाच्या जागेकरिता जाहली, आणि ती जागा हातभर रुंद, काळ्या रेक्झिनची, एके कोपऱ्यात उसवलेली ऐसी होती. बखरकाराने यात पदरचे काही घातलेले नाही. जे घातले ते खरे घडते तरी असेच घडते.

गोदामाची रचना ऐसी. एके बाजूस यंत्रशाळा, तेथून बादल्या ऊन ऊन बाहेर पडत. मधल्या दालनी पॅकिंगची लांब टेबले, त्यांपाशी बायकांची पलटण उभी. पलीकडे मालाच्या थप्प्या छतास टेकलेल्या, आणि थप्प्यांपलीकडे माल चढवावयाचे अंगण, तेथे ट्रक येऊन ठाण मांडीत. पलटणीची कामगिरी म्हणजे बादलीत बादली बसवावी, मग वरून पट्टी आवळावी, मग लेबल डकवावे, आणि मग पुन्हा बादलीत बादली बसवावी. हे सर्व उभ्याने. बसावयाची चाल तेथे नव्हती. का नव्हती हे कोणास ठाऊक नव्हते. पूर्वी कोणी बसले नाही, म्हणून पुढेही कोणी बसले नाही. त्या सबंध गोदामी बसून करावयाचे काम एकच, ते फोर्कलिफ्टचे. ही फोर्कलिफ्ट म्हणजे त्या दौलतीचा खासा हत्ती: पिवळाधमक देह, पुढे दोन लोखंडी सुळे, मागे सरताना टीं टीं ऐसी गर्जना, आणि पाठीवर वर सांगितलेली रेक्झिनची अंबारी. त्या हत्तीचे जुने माहूत सेवानिवृत्त होऊन लेकीकडे राहावयास गेले आणि अंबारी रिकामी पडली, हे या युद्धाचे मूळ.

पॅकिंगच्या पलटणीत एक बाई होत्या, त्यांस लहानथोर सारे तोफताई म्हणत. ऐसे नाव पडावयाचे कारण आवाज. त्यांनी टेबलापाशी “पट्टी संपली!” म्हणावे आणि अंगणात ट्रकवाल्याने दचकून ब्रेक दाबावा. बोलणे रोखठोक, हसणे त्याहून मोठे, आणि गुडघे मात्र फार हळव्या स्वभावाचे. वर्षानुवर्षे उभे राहून त्या गुडघ्यांनी आता उघड बंड पुकारले होते, आणि डॉक्टरसाहेबांनी फर्माविले की उभे राहणे कमी करावे, आणि ताईंनी डॉक्टरसाहेबांसच उलट विचारले की कमी म्हणजे काय करू, एका पायावर उभी राहू? पण ताई हातपाय गाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी रविवारच्या रविवारी शिकवणी धरून फोर्कलिफ्ट चालवावयाचा परवाना मिळविला आणि तो पर्समध्ये, आरशाच्या कप्प्यात, जपून ठेविला. गुडघ्यांचे कारण खरेच. परंतु मनातली गोष्ट ही की ताईंचा त्या हत्तीवर जीव जडला होता. तो टीं टीं करीत मागे सरला की त्यांचे हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे फिरत, आणि लेबल भलतीकडेच, बादलीच्या बुडास चिकटे.

घरी यजमान शिंपी, स्वभावे गरीब. त्यांनी “बघ बाई, जपून” इतकीच मसलत दिली. सासूबाई मात्र जातीच्या लढवय्या. त्यांनी परवाना चष्म्याजवळ नेऊन निरखिला आणि म्हणाल्या, “अगं चालव की! तुझ्या सासऱ्यांना साधी सायकल येत नव्हती, तरी जन्मभर मिशीला पीळ देत हिंडले. तुझ्याकडे तर कागद आहे.” तेणेकरून ताईंस बळ चढले, आणि त्या जागेचा पुकारा कधी होतो याची त्या कान टवकारून वाट पाहू लागल्या.

आता पुकाऱ्याची चाल सांगणे प्राप्त आहे. गोदामाचे सरदार म्हणजे शिट्टीमामा. गळ्यात शिट्टी, खिशात पेन, पोटात कपट नाही, ऐसा मनुष्य. कोणतीही जागा रिकामी जाहली की मामांनी पाळी सुटतेसमयी पुरुषांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत जावे, बाकावर चढावे, शिट्टी फुंकावी आणि जाहीर करावे की अमुक जागा रिकामी आहे, कोणास पाहिजे त्याने बोलावे. ही जागा नामी होती. कारण तेथे फौज एके ठिकाणी सापडे, डोकी ओली, अंगावर टॉवेल, पळून जाण्याची सोय नाही. कारखाना नवा होता तेव्हा तेथे एकही बाई नव्हती, म्हणून या चालीत कोणास वावगे दिसले नाही. मग बायका आल्या, आणि त्यांची खोली थप्प्यांच्या पलीकडच्या अंगास बांधिली, आणि मामा मात्र त्याच बाकावर चढत राहिले. ऐशा रीतीने कारखान्यातील प्रत्येक बरी जागा एका टॉवेलाकडून दुसऱ्या टॉवेलाकडे जात राहिली, आणि मामांची मनापासून समजूत ही की आपण सर्वांस सांगतो.

एके दिवशी ताई पाहतात तो मामांचा सख्खा भाचा, जो माल रवाना करण्याच्या खात्यात होता, तो हत्तीची अंबारी ओल्या फडक्याने पुशीत आहे. ताईंनी विचारले, हे काय? भाच्याने बिचाऱ्याने सरळ सांगितले की सोमवारपासून ही स्वारी माझी, मामांनी आमच्या खोलीत पुकारा केला, दुसरे कोणी बोलले नाही, म्हणून मला दिली. हे ऐकून ताईंच्या पायाखालची फरशी सरकली. रविवारच्या साऱ्या शिकवण्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांचा तो प्रख्यात आवाज त्या दिवशी कोणी ऐकिला नाही. टेबलापाशीच्या बाया घाबरल्या. तोफ गप्प म्हणजे काहीतरी वाईट, हे त्या जाणून होत्या.

याच सुमारास वर्तमान आले की परमुलखीचे एक मोठे गिऱ्हाईक कारखाना पाहावयास येत आहे, आणि ते कामगारांस विचारणार की तुमच्या हस्तपुस्तिकेत काय लिहिले आहे. आता कर्मचारी हस्तपुस्तिका दौलतीत होती. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसरी माणसे, त्यांपैकी एकही तेथे कामास नव्हता. प्रत्येकाने शेवटल्या पानावर सही करून ती आदरपूर्वक डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारिली होती. मनुष्यबळ खात्यात नुकत्याच रुजू जाहलेल्या बाई, ज्यांस सारे नव्या बाई म्हणत, त्या फार सालस आणि फार घाबरट. त्यांनी टेबलाखालून एक प्रत उपसली, धूळ झटकिली, आणि चहाच्या वेळी कँटीनमध्ये उभे राहून पुस्तिकेचे जाहीर वाचन आरंभिले. रजांचे कलम जाहले, बुटांचे कलम जाहले, फौज चहात बिस्किटे बुडवीत राहिली, आणि मग नव्या बाईंनी घसा साफ करून वाचले की, ही कंपनी वंश, धर्म, जात, लिंग, वय, वैवाहिक स्थिती अथवा अपंगत्व यांवरून कोणताही भेदभाव न करिता नोकरीत व बढतीत सर्वांस समान संधी देते.

तेथे तोफ कडाडली.

“थांबा बाई! ते परत वाचा.”

नव्या बाईंनी परत वाचले.

“हे आपल्याला लागू आहे ना? का गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंतच?”

“आपल्यालाच,” नव्या बाई म्हणाल्या, आणि खात्री करावयास त्यांनी एकदा मुखपृष्ठ पाहिले.

“मग फोर्कलिफ्टची जागा निघाली, ती आम्हाला का नाही सांगितली?”

शिट्टीमामा उठून उभे राहिले. चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य. “असं कसं? सांगितली की! सगळ्यांना सांगितली. चांगली शिट्टी वाजवून सांगितली.”

“कुठे सांगितली मामा?”

“नेहमीच्या ठिकाणी.”

“आणि नेहमीचं ठिकाण म्हणजे कुठलं हो?”

जन्मात पहिल्यांदा मामांनी मनातल्या मनात त्या खोलीत नजर फिरविली, आणि तेथे टॉवेलच टॉवेल दिसले. पॅकिंगची पलटण जी हसली ती ऐसी हसली की मामांचे कान बादलीच्या लाल रंगाचे जाहले. भाच्याने चहाच्या कपात तोंड लपविले.

प्रकरण हुजुरांत गेले. हुजूर म्हणजे मोठे साहेब, कारखान्याचे व्यवस्थापक, मोठे गोड बोलणारे आणि भांडणास भिणारे. त्यांनी खलबत भरविले आणि फर्माविले की ताईंची तक्रार रास्त आहे, आपले समान संधीचे विधान अपुरे आहे, सबब त्यात आणखी शब्द घालावे. ताईंनी अर्ज केला की शब्द पुरेसे आहेत, पुकारा कोठे होतो ते बदला. परंतु साहेबांस शब्द फार आवडले होते. विधानात शब्द घालून मिळतात हे वर्तमान कारखान्यात पसरले मात्र, आणि चोहीकडून वकिलाती निघाल्या. डावखुऱ्यांनी मोर्चा आणिला की आमचेही नाव घाला, कात्र्या आमच्या हाताच्या नाहीत. ते घातले. टक्कल असलेल्यांनी अर्ज दिला. तो साहेबांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून तत्काळ मंजूर केला. मग बुटके आले, मग उंच आले आणि बुटक्यांच्या आधी घाला म्हणाले. मग घोरणारे, मग चहा न पिणारे, मग सासुरवाडी दूर असलेले, मग जवळ असलेले, आणि ह्यांनी दुप्पट सहानुभूती मागितली. यंत्रशाळेतील एकाने आपण जुळ्यांपैकी धाकटे आहो, जन्मापासून मागे पडलो आहो, ऐसे निवेदन डोळ्यांत पाणी आणून दिले. नव्या बाई लिहीत राहिल्या, आणि विधान एका वाक्याचे पान जाहले, आणि पानाचे दुसरे पान जाहले, आणि फोर्कलिफ्टची जागा जेथे पुकारली होती तेथेच पुकारलेली राहिली.

तेव्हा ताईंनी साहेबांच्या टेबलावर दोन्ही हात टेकिले आणि हळूच म्हटले, म्हणजे शेजारच्या तीन दालनांत ऐकू गेले, “साहेब, जुळ्या भावाला घ्या, टकल्यांना घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण मला उभं राहवत नाही हो आता. ती जागा माझ्यासमोर सांगा, एवढंच. मग नाही मिळाली तर नाही मिळाली.”

साहेब वरमले. त्यांनी हुकूम दिला की भाच्याची नेमणूक तहकूब, पुकारा नव्याने व्हावा, आणि तो सर्वांस व्हावा. शिट्टीमामांनी शपथ वाहिली, आणि विसर पडू नये म्हणून तळहातावर पेनाने ‘सर्वांस’ ऐसे लिहून घेतले. पाळी सुटावयास आली. मामा निघाले. मन म्हणत होते सर्वांस, सर्वांस. परंतु पायांस कोणी काही सांगितले नव्हते. पाय आपल्या जुन्या वाटेने गेले, बाकावर चढले, आणि हाताने शिट्टी तोंडास लाविली.

ती शिट्टी थप्प्यांपलीकडून पुसट ऐकू आली, आणि ताई जागच्या जागी थबकल्या. ही शिट्टी त्यांनी इतक्या वर्षांत पुष्कळदा ऐकिली होती, आणि आंघोळीचे पाणी आले असेल ऐसे समजून सोडून दिली होती. कितीतरी जागा ह्या शिट्टीसरशी आल्या आणि गेल्या, आणि आपण केस विंचरीत उभ्या होतो, हे मनात येऊन त्यांचा संताप मस्तकी गेला. त्यांनी पलटणीस ललकारिले की चला, चालून जायचे. पलटण चालावयास तयार, पण दारापाशी कचरली. कोणी म्हणाली, “अहो ताई, आत गडी टॉवेलात असतात.”

“मग बघू नका,” ताई म्हणाल्या. “ऐकायलाच तर जायचंय.”

आणि थप्पीवरची एक बादली उचलून त्यांनी शिरस्त्राण म्हणून डोक्यावर हनुवटीपर्यंत उपडी घातली. मग काय विचारता! पलटणीने लाल, निळ्या, हिरव्या बादल्या डोक्यांवर चढविल्या, प्रत्येकीने पुढलीच्या ॲप्रनची नाडी धरिली, आणि ती रंगीबेरंगी फौज एका ओळीत, भिंतींस ठोकरा खात, एकमेकींच्या टाचा तुडवीत, पुरुषांच्या खोलीत घुसली.

आत जो हलकल्लोळ माजला त्यास तोड नाही. अंगावर साबण तसाच ठेवून वीर पळाले. कोणी कपाटात शिरले, कोणी एकाच टॉवेलामागे दोघे दडले, आणि चतुर होते त्यांनी तेथल्या आंघोळीच्या बादल्यांचा आश्रय केला, पण त्या डोक्यावर घेतल्या नाहीत. जुळ्यांपैकी धाकटे नळाखाली उभे होते ते तेथेच उभे राहून ‘मी नाही, तो थोरला’ ऐसे ओरडू लागले. मामा बाकावर, बनियनवर, शिट्टी ओठांत अडकलेली, श्वास सोडला की पीं वाजे आणि घेतला की पुन्हा वाजे. इतक्यात नव्या बाई धापा टाकीत आल्या. घाबरट खऱ्या; पण त्या बाहेर दाराशी पाठ करून, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि ते वाढीव विधान, तोंडपाठ जाहलेले, मोठ्याने म्हणू लागल्या, आणि घोरणाऱ्यांपर्यंत पोचल्या तेव्हा कपाटातून आवाज आला, “पुरे हो बाई, पटलं! मामा, सांगून टाका!”

मामांनी तळहात पाहिला. ‘सर्वांस’ हे अक्षर घामाने पुसट जाहले होते. मग त्यांनी शिट्टी काढिली, आणि गंभीर स्वरे पुकारिले की फोर्कलिफ्टची जागा रिकामी आहे, कोणास पाहिजे त्याने बोलावे.

“मला!” तोफताई म्हणाल्या, आणि तो आवाज बादलीत शिरून, घुमून, दुप्पट होऊन जो बाहेर पडला त्याने आरसे हालले, खुंटीवरचे सदरे खाली आले, आणि तो अंगणापर्यंत गेला तेव्हा तेथील ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. ट्रक उभाच होता.

दुसरे दिवशी अंगणात परीक्षा ठरली. गठ्ठ्यांची एक थप्पी उचलावी, ट्रकापर्यंत न्यावी, परत आणावी. पहिल्याने भाचा बसला. त्याने हत्ती हाकारिला, सुळे घातले, परंतु उचलताना जरा जास्तच तिरपे जाहले, आणि वरून बादल्यांचा जो महापूर सुटला तो अंगण ओलांडून, फाटकातून, थेट रस्त्यावर गेला, आणि येणारे जाणारे एकेक उचलून घरी नेऊ लागले. भाचा खाली उतरला, पांढराफटक. म्हणाला, “मामा, त्यांनाच द्या. मला तसंही मागे घेताना चक्कर येते. तुम्ही पुकारलंत, कोणी बोललं नाही, म्हणून मी बोललो होतो.” बखरकार म्हणतो की त्या युद्धात याहून शूर वचन कोणी उच्चारिले नाही.

मग ताई पुढे जाहल्या. पायरीवर पाय ठेविताना गुडघा कुरकुरला तो साऱ्यांनी ऐकिला. मग त्या बसल्या. हत्ती हळूहळू गेला, थप्पी अलगद उचलली, वळणावर थांबला, थप्पी ट्रकापाशी टेकली आणि पुन्हा आणिली. हॉर्न मात्र ताईंनी गरजेपेक्षा पुष्कळ वाजविला, हे मान्य केले पाहिजे. परतताना साहेबांच्या केबिनसमोरची एक कुंडी कामी आली. साहेबांनी ती हानी मोठ्या मनाने सोसली आणि जागा ताईंस बहाल केली.

नंतर तह जाहला. त्यात ठरले की विधानातील टकले, बुटके आणि सासुरवाड्या यांस सन्मानपूर्वक निरोप द्यावा, विधान पूर्ववत एका वाक्याचे करावे, आणि त्याखाली दुसरे वाक्य लिहावे: रिकाम्या जागेची सूचना कँटीनच्या दारावर लागेल, आणि लागल्याशिवाय ती जागा रिकामी मानली जाणार नाही. डावखुऱ्यांस त्यांच्या कात्र्या मिळाल्या. मामांनी पहिली सूचना दस्तुरखुद्द चिकटविली आणि सवयीने तिच्यापुढेही शिट्टी वाजविली.

सोमवार आला. ताई कायदेशीर माहूत म्हणून अंबारीत चढल्या आणि आजूबाजूस पाहू लागल्या. उंचीवरून गोदाम निराळेच दिसते. पलीकडे टेबलापाशी त्यांची पलटण उभी होती. कोणी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, कोणी टेबलावर पोट टेकून कंबर सैल करीत होती, आणि हे आपण इतकी वर्षे शेजारी उभे राहून कधी पाहिलेच नाही, ऐसे मनात येऊन ताईंस गलबलून आले. ट्रक अंगणात खोळंबला होता. ताईंनी त्यास खोळंबू दिले, हत्ती वळविला, आणि कोपऱ्यात पडून असलेल्या, कडीचे कान साच्यात नीट न उतरल्याने विक्रीतून बाद जाहलेल्या मोठ्या जाड बादल्यांची थप्पी उचलली, ती टेबलापाशी नेऊन टेकविली, खाली उतरल्या, आणि एक एक बादली जमिनीवर उपडी घालीत गेल्या.

“बसा गं,” त्या म्हणाल्या.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मोठे साहेब धावत आले, नव्या बाई पुस्तिका घेऊन धावत आल्या, आणि दोघांनी पान न पान उलटून पाहिले. रजा होत्या, बूट होते, समान संधी होती, पण बसू नये ऐसे कलम कोठेही निघाले नाही. साहेबांनी पुस्तिका मिटली आणि ते मागे फिरले. मग एकजण टेकली, मग दुसरी, मग सारी ओळ. त्यांतली जी सर्वांत जुनी होती तिने पाय लांब केले, बुटांतून टाचा मोकळ्या केल्या आणि डोळे मिटून घेतले.

सबब नोंद करण्यात येते की शत्रू कोणी नव्हता, तरी फत्ते जाहली. कामी आली कुंडी एक. रस्त्यावर गेलेल्या बादल्या परत आल्या नाहीत. ट्रक उशिरा निघाला. परमुलखीचे गिऱ्हाईक अद्याप यावयाचे आहे. पलटण बसून काम करीत आहे.